पूल काढायचा दिवस

वरच्या ओढ्यावरचा पूल काढताना आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. सात घरं आणि सात फळ्या. पात्रात सहा मोठे खडक आहेत, त्यांच्यावर लार्चच्या लाकडाच्या लांब फळ्या टेकवून साखळ्यांनी बांधलेल्या असतात, प्रत्येक घराची एक, टोकाला त्या घराची खूण कोरलेली. आमची खूण शिडी. फळ्या खडकांच्या मापाने कापलेल्या आहेत, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणजे एक जरी घर रुसून बसलं तरी पूल होत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही त्या सोडवून आपापल्या घरी नेतो, कारण तिथेच ठेवल्या तर हिवाळ्यात डोंगरावरून सुटलेला बर्फ त्यांचा भुगा करतो.

फळ्या सोडवायच्या आधी बाल्त्सकाका टोपी काढून काठावर उभे राहतात आणि एकेका घराचं नाव घेतात. त्या घरातून जो कोणी आला असेल त्याने म्हणायचं, "अलीकडे." म्हणजे आमचं कोणी ओढ्यापलीकडे राहिलेलं नाही. डोंगर भटकायला येणाऱ्यांसाठी पंधरा तारखेपासूनच खाली 'वाट बंद' अशी पाटी लागलेली असते, तेव्हा प्रश्न आमचाच उरतो. सात वेळा 'अलीकडे' झालं की पहिली साखळी सुटते. बाल्त्सकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि त्यांच्या आठवणीत त्या दिवसापर्यंत कोणी चुकीचं बोललं नव्हतं.

माझं नाव वाल्बुर्गा, पण सगळे बुर्गीच म्हणतात. बावीस वर्षं या खोऱ्यातल्या वाटा माझ्याकडे आहेत. दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा रंगवायचा, आडवी पडलेली झाडं कापायची, आणि चपला घालून हिमनदी बघायला निघालेल्या शहरी लोकांना दोन शब्द सुनवायचे. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात छान जमतं.

आम्ब्रोस माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. तो खाली अल्टडॉर्फला एकटा राहतो आणि हिमनद्या मोजतो. आम्ही लहान होतो तेव्हा बर्फाची जीभ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. आता पूल ओलांडून दोन तास चालावं लागतं, आणि जिथे बर्फ होता तिथे राखेच्या पाण्यासारखं एक तळं आहे. तळ्याच्या काठाने जाणारी वाट माझी होती. मीच आखलेली, मीच रंगवलेली, आणि तिच्यासाठी कुठून कुठून लोक यायचे. दोन वर्षांपूर्वी आम्ब्रोसने लिहून दिलं, की वरची दगडमाती सुटी झाली आहे, वाट बंद करा. वाट बंद झाली आणि माझ्या भाड्याच्या चार खोल्यांपैकी दोन रिकाम्या राहू लागल्या. त्या वसंतातल्या गावबैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की याला इथून पुढे आमच्या घरात मोजू नका. तो जॅकेट उचलून निघून गेला. ऑगस्टमध्ये अर्धी वाट खरोखरच तळ्यात गेली. कोणी मेलं नाही, कारण वाटेवर कोणी नव्हतं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. त्यानंतर तो मोजणीला यायचा, गाडी लाकूडगिरणीमागे लावायचा, वर जायचा आणि परत जायचा. तो सांगत नसे, मी विचारत नसे.

त्या शनिवारी फ्योन सुटला होता. दक्षिणेची खिंड ओलांडून हा गरम वारा आला की आमच्याकडे कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. गाई दूध चोरतात, नवरा-बायको उगाच भांडतात, आणि खानावळवाली थेक्ला चूल पेटवत नाही, कारण अशा वाऱ्यात एक ठिणगी गाव जाळायला पुरते. रात्रभर खिडक्या वाजत होत्या. सकाळी अंगावर स्वेटर सहन होईना आणि काढला तर घाम गार व्हायचा. आठवड्यापूर्वी वरच्या उतारांवर पडलेला नवा बर्फ ओला होऊन मळकट दिसत होता. कपाळ ठणकत होतं. एकच वाटत होतं, की एकदाचं ते पुलाचं उरकावं आणि घरी येऊन पडावं.

माझी छोटी मालवाहू गाडी घेऊन वर निघाले. गिरणीच्या वळणावर त्याची राखाडी गाडी दिसली. मी पाहिली आणि नजर रस्त्यावर ठेवली. पुढची वीस मिनिटं मी डोक्यात स्वतःशी वाद घालत होते. अलीकडच्या धारेवर मोजायला गेला असेल. पूल कधी काढतात हे त्याला काय माहीत नाही? बावन्न वर्षांचा घोडा आहे, मी कुठवर बघायचं? आणि तसंही तो आमच्या घरात मोजलेला नाही. हे शेवटचं मला फारच पटलं, इतकं की मी ते दोनदा म्हटलं.

पुलापाशी बाकीची सहाही घरं आलेली होती. हिमनदीचा ओढा सकाळी गरीब असतो आणि दुपारी माजतो, वर ऊन जितकं तापेल तितका. त्या दिवशी दहा वाजताच तो खडकांच्या अर्ध्यावर आला होता. बाल्त्सकाकांनी टोपी काढली, वाऱ्याने त्यांचे चार केस उभे राहिले, आणि थेक्ला हसली. नावं सुरू झाली. शिडीचं घर पाचवं.

मी एकदा पलीकडच्या उतारावर वर पाहिलं. दगड आणि दगडांच्या सावल्या, एवढंच होतं.

"अलीकडे," मी म्हणाले.

माझ्यानंतर दोन घरं राहिली होती. ती बोलेपर्यंत तोंड उघडायला वेळ होता. मी उघडलं नाही. साडेअकरापर्यंत सातही फळ्या निघाल्या आणि प्रत्येकजण आपापली घेऊन खाली गेला.

घरी येऊन मॅकरोनी-बटाट्याचं भांडं विजेच्या शेगडीवर चढवलं, वर चीज घातलं, सफरचंदाचा गर काढला, ताट घेतलं आणि जेवलेच नाही. खिडकी उघडली, धूळ आली म्हणून लावली, गुदमरायला लागलं म्हणून पुन्हा उघडली. खालून ओढ्याचा आवाज येत होता. पाणी वाढलं की तळातले धोंडे घरंगळतात आणि कोणी जमिनीखाली पिंपं लोटतंय असं वाटतं. एवढ्या लवकर तो आवाज कधी येत नाही. मी अंगणात गेले, परत आले, शिडी कोरलेली फळी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली होती ती उगाच सरळ केली. तासाभरात तीनदा घड्याळ पाहिलं. मग बूट घालून गिरणीपर्यंत चालत गेले. गाडी तिथेच होती, आणि मागच्या सीटवर आम्ब्रोसची पाण्यातून चालायची उंच रबरी बुटं पडलेली होती. पलीकडे जायचं आणि पूल आहे, तर कशाला न्यायची, असं म्हणून त्याने ती ठेवली असणार.

त्याला फोन लावला. वर तळ्याकडच्या कड्याखाली फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तरी पाच वेळा लावला. बचावपथकाला लावला. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला की या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नाही, पथक मुख्य खोऱ्यातून पायी निघेल, दोन तास धरा. पलीकडून सुटायची दुसरी वाट म्हणजे वरची खिंड, आणि तिच्यावर गुडघाभर ओला बर्फ. म्हणजे तो ओढ्यावर येणार, पूल नाही हे बघणार, आणि मग पाण्यात उतरणार. आम्ब्रोस थांबून राहणाऱ्यांपैकी नाही. आमच्या घरात कोणीच नाही.

पूल पुन्हा घालायचा तर सातही फळ्या लागणार होत्या, आणि सहा दारांत जाऊन मी चुकीचं बोलले असं सांगावं लागणार होतं. मला लाज वाटली. खरं सांगते, गिरणीपासून बाल्त्सकाकांच्या दारापर्यंत जाताना भावापेक्षा मला स्वतःचीच जास्त काळजी होती.

बाल्त्सकाका दुपारची झोप काढत होते. मी सांगितलं तसे ते कॉटवर उठून बसले.

"आम्ब्रोस पलीकडे? आणि तू अलीकडे म्हणालीस?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"आत्ता," मी म्हणाले. "गिरणीमागे गाडी दिसली."

ते खोटं असं सहज निघालं. आणि एकदा पहिल्या दारात निघालं म्हटल्यावर पुढच्या पाच दारांत तेच सांगणं आलं.

थेक्लाच्या खानावळीत तिची फळी दोन पिंपांवर टाकून बाक केलेला होता आणि त्यावर चार म्हातारे पत्ते कुटत बसले होते. थेक्लाने माझं अर्धंच ऐकलं. तिने एका हाताने त्यांच्या दारूचे पेले उचलले आणि दुसऱ्या हाताने त्यांना.

"अगं, तुला एक घर मोजायचं होतं," ती फळी दाराबाहेर काढता काढता म्हणाली. "आम्ही काय पाढा विचारला होता?"

उरलेल्या चार दारांत कोणी टोमणा मारला, कोणी नुसतं माझ्याकडे पाहिलं. पण 'येत नाही' असं एकानेही म्हटलं नाही. दोन वाजेपर्यंत सात फळ्या तीन गाड्यांवर चढल्या आणि आम्ही दहा जण वर निघालो. पत्ते खेळणाऱ्यांतले दोघे हातातला डाव खिशात घालून आले.

ओढा ओळखू येत नव्हता. सकाळचे सहा खडक होते, त्यांतले चार दिसत होते. पाचवा आणि सहावा कुठे आहेत ते फक्त पाणी जिथे उसळत होतं त्यावरून कळत होतं. आणि पलीकडच्या काठावर, वाऱ्याला पाठ करून, आम्ब्रोस एका धोंड्यावर बसलेला होता. कमरेपर्यंत भिजलेला. मोजणीच्या यंत्राची पेटी त्याने पोटाशी धरली होती. आम्हाला पाहून तो उभा राहिला आणि पुन्हा बसला, पाय धरत नव्हते. मी ओरडले, ते वाऱ्याने माझ्याच तोंडात परत घातलं.

"बुर्गी पुढे," बाल्त्सकाका म्हणाले, आणि माझ्या कमरेला दोर बांधला.

एकेक फळी मागून सरकवायची, पुढच्याने ती खडकावर बसवायची, साखळी अडकवायची, तिच्यावरून पुढे जायचं. एरवी ज्या कामाला तासभर लागतो ते आम्ही किती वेळात केलं कोण जाणे. चौथ्या खडकापर्यंत पाय कोरडे होते. पाचव्यावर उतरले तेव्हा पाणी घोट्याला होतं आणि इतकं गार की दुखायला लागलं. सहाव्यावर ते गुडघ्याला लागलं. मागून थेक्लाने सातवी फळी दिली. मी ती पुढे लोटली, प्रवाहाने टोक धरलं आणि फळी माझ्या हातात फिरायला लागली. आम्ब्रोस काठावर पालथा पडला होता, दोन्ही हात पाण्यावर. पहिल्यांदा त्याची बोटं लागली आणि सुटली. मला वाटलं आता फळीही जाणार आणि तिच्यामागे तोही जाणार. दुसऱ्यांदा त्याने टोक धरलं, छातीखाली ओढलं आणि तसाच पडून राहिला. आमच्यात दोन वर्षांनी चार मीटरचं अंतर होतं. त्याचे ओठ निळे पडले होते.

तो ओणव्यानेच आला. सहाव्या खडकावर मी त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. अलीकडे आल्यावर कोणी कोट दिला, कोणी मोजे दिले, पत्तेवाल्याने खिशातून चपटी बाटली काढली. दारू पोटात गेल्यावर त्याला बोलता येऊ लागलं. दुपारी एक वाजता ओढ्यावर पोचला होता. एकदा उतरूनही पाहिलं, पाचव्या खडकापर्यंतसुद्धा जाता आलं नाही, काठी गेली, कसाबसा मागे फिरला.

बाल्त्सकाकांनी टोपी हातात घेतली. "आम्ब्रोस, आजवर असं झालं नव्हतं," ते म्हणाले. "बुर्गीच्या वतीने मी..."

"चूक माझी आहे, काका," आम्ब्रोस मध्येच म्हणाला. "मी हिला सांगून गेलो नाही. आज पूल निघणार हे ठाऊक होतं, तरी म्हटलं, तुम्ही यायच्या आत परततो, पण मोजणी लांबली. हिच्याशी बोलावं लागलं असतं म्हणून नाही सांगितलं. गाडी पण गिरणीमागे लावली. हिला कळणार कसं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. थेक्लानेसुद्धा. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि कोणीतरी म्हणालं, फ्योनमध्ये असं होतं. प्रकरण तिथेच मिटलं होतं. मला फक्त उभं राहायचं होतं. गुडघ्याखाली पाय बधिर झालेले, डोकं ठणकत असलेलं, आणि तो माझ्यासाठी बोलत होता, ज्याला मी बैठकीत घराबाहेर काढलं होतं तो. मला ते सोसेना.

"सकाळीच पाहिली होती गाडी," मी म्हणाले. "वर येताना. अलीकडे म्हणायच्या आधी."

थेक्लाचा हात पाठीवरून निघाला. बाल्त्सकाकांनी टोपी डोक्यावर घातली. आम्ब्रोसने आता माझ्याकडे पाहिलं.

"हे तू सांगायला नको होतंस, बुर्गी."

"हो."

"तू विसरलीस असं धरून मी त्या दगडावर बसलो होतो. म्हणून पुन्हा पाण्यात उतरलो नाही. म्हटलं विसरलीय, आठवेल, येईल."

त्याने बाटलीतला आणखी एक घोट घेतला, ती परत दिली आणि कोटाची बटणं लावायला लागला. बटणं लागत नव्हती. मी लावून द्यायला पुढे झाले नाही, आणि पत्तेवाल्याने ती लावली.

पाणी आणखी चढायच्या आत फळ्या पुन्हा काढाव्या लागल्या. या खेपेला बाल्त्सकाकांनी घरांची नावं घेतली नाहीत. त्यांनी काठावर फिरून एकेकाच्या खांद्याला हात लावला आणि माणसं मोजली. मी त्यांना म्हणाले, की वाटांचं काम आता दुसऱ्या कोणाकडे द्या.

"ते वसंतातल्या बैठकीत बघू," ते म्हणाले. "आत्ता फळी उचल."

आम्ब्रोसला थेक्लाच्या गाडीत बसवलं होतं. वाटेत पथक भेटलं, त्यांनी त्याला तपासलं आणि गरम कपड्यांत गुंडाळून झोपवा म्हणून सांगितलं. थेक्ला खानावळीत चूल पेटवणार नव्हती. ती गाडी घेऊन आमच्या दारात आली, त्याला उतरवलं आणि गाडी वळवून गेली. तो दोन वर्षांनी स्वयंपाकघरात आला आणि शेगडीपाशी बसला. मी दुपारची मॅकरोनी गरम केली. तो तीन ताटं जेवला, मान वर न करता. मी समोर बसले नाही, उभीच राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायची होती, ती मी मागितली, भांड्यांकडे तोंड करून. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. वरच्या खोलीत तो बारा तास झोपला.

सकाळी वारा पडला होता. आम्ब्रोस जिना उतरून आला, कॉफी उभ्याउभ्याच प्यायला, पेटी उचलली आणि दाराशी थांबला.

"अलीकडच्या धारेवरचे दगड मोजायचे राहिलेत," तो म्हणाला. "जुन्या मेंढवाड्यावरून जाईन. चारपर्यंत खाली येतो."

"बरं," मी म्हणाले.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. तीन वाजल्यापासून खिडकीशी उभी होते. चार वाजले. चार वाजून पाच झाले, तेव्हा मी बुटांची नाडी बांधायला घेतली. चार वाजून दहा मिनिटांनी राखाडी गाडी वळणावर दिसली, दारावरून गेली आणि खाली उतरली. थांबली नाही, आणि तसं तो म्हणालाही नव्हता. मी बूट काढले आणि सकाळपासून पडलेली भांडी घासायला घेतली.